व्ह्यूफाइंडरमधली चौकट आणि फिल्मवरची चौकट

आपण निकॉन एफएम२ (एसएलआर, म्हणजे लेन्समधूनच पाहण्याचा) आणि लायका एम६ (रेंजफाइंडर, म्हणजे लेन्सशेजारच्या खिडकीतून पाहण्याचा) हे दोन फिल्म कॅमेरे वापरता, दोन्हींवर ५० मिमीची लेन्स लावता आणि तीन गोष्टींचा मेळ आपल्याला लागत नाही. एफएम२मधून पाहताना कडेला जे दिसले नव्हते ते निगेटिव्हवर थोडेसे येते. एम६मध्ये ते बरेच जास्त येते, आणि तेही दूरच्या दृश्यांत अधिक, जवळच्या चेहऱ्यांत कमी. लॅबमधून आलेल्या प्रिंटवर मात्र याच्या उलट, दिसलेला भागही कधीकधी कापला जातो. यांपैकी कोणत्या व्ह्यूफाइंडरवर भरवसा ठेवावा आणि एम६ दुरुस्तीला पाठवावा का, असे आपण विचारले आहे. दुरुस्तीपुरते आधीच सांगतो: आपण वर्णन केलेले वर्तन एम६चा बिघाड नसून त्याची रचना आहे. मात्र एक तपासणी करून घ्यावी, ती शेवटी दिली आहे.

व्ह्यूफाइंडरची चूक किती असावी यापेक्षा ती कोणत्या बाजूने असावी, हे कॅमेरा बनवणारा आधी ठरवतो. दिसले त्याहून जास्त फिल्मवर आले, तर छपाईच्या वेळी कडा कापता येतात. दिसले त्याहून कमी आले, तर गेलेला कान किंवा कळस परत मिळवण्याचा काहीच मार्ग नसतो. म्हणून रेंजफाइंडर असो वा एसएलआर, बहुतेक कॅमेरे मुद्दामच थोडे कमी दाखवतात. किती कमी, यामागे स्लाइडच्या काळातला एक व्यावहारिक हिशेब होता. ३५ मिमी फिल्मची चौकट २४ × ३६ मिमी असते, पण स्लाइड ज्या पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या चौकटीत बसवत, तिची खिडकी साधारण २३ × ३५ मिमीच्या आसपास असे, म्हणजे पडद्यावर मूळ प्रतिमेच्या क्षेत्रफळाचा सुमारे ९३ टक्के भागच पोहोचत असे. लायकाच्या एम६ पुस्तिकेत चौकटीच्या रेषा २३ × ३५ मिमीच्या हिशेबाने आखल्याचे म्हटले आहे आणि एफएम२च्या माहितीत ९३ टक्क्यांचा आकडा आहे. एकाच आकड्याच्या या दोन रूपांमुळे दोन्ही कॅमेरे सारखेच वागतील अशी समजूत होते, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण एसएलआरमध्ये हा आकडा कायम राहतो, तर रेंजफाइंडरमध्ये तो फक्त एकाच अंतरावर खरा असतो.

एसएलआरचा भाग सोपा आहे, तो आधी घेऊ. लेन्समधून आलेला प्रकाश पंचेचाळीस अंशांत बसवलेल्या आरशावरून वर फोकसिंग स्क्रीन या धुरकट काचेवर जातो आणि तिथे उमटलेली प्रतिमा आपण तिच्यावरच्या पेंटाप्रिझममधून, म्हणजे प्रतिमा सुलट करणाऱ्या काचेच्या ठोकळ्यातून पाहतो. लेन्सपासून आरशामार्गे स्क्रीनपर्यंतचे अंतर आणि लेन्सपासून फिल्मपर्यंतचे अंतर सारखे ठेवलेले असल्यामुळे स्क्रीनवरची प्रतिमा आणि फिल्मवरची प्रतिमा एकच असते. प्रश्न उरतो तो त्या प्रतिमेचा किती भाग आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचू दिला आहे एवढाच. जवळ फोकस केल्यावर लेन्सचा दृश्यकोन बदलतो, पण तो बदल आपल्याला जसाच्या तसा दिसतो. लेन्स बदलली, अंतर बदलले, तरी न दिसणारी कड चौकटीच्या त्याच प्रमाणात राहते. एकदा मोजली की कायमची माहीत झाली, हा एसएलआरचा खरा फायदा आहे.

मग सगळेच एसएलआर शंभर टक्के का दाखवत नाहीत? निकॉन एफने १९५९मध्ये जवळजवळ पूर्ण चौकट दाखवली आणि पुढे एफ२, एफ३, एफ४, एफ५ या मालिकेने तो नेम पाळला. कॅननच्या ईओएस-१मध्येही पूर्ण चौकट दिसते. पण हे सगळे व्यावसायिकांसाठीचे महागडे कॅमेरे होते. पूर्ण चौकटीसाठी प्रिझम मोठा आणि जड लागतो, आरसा मोठा लागतो आणि तो वर उचलला जाताना लेन्सच्या मागच्या भागाला लागता कामा नये. त्याहून कठीण गोष्ट म्हणजे जुळवणी. शंभर टक्के दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात स्क्रीनची चौकट अर्धा मिलिमीटर जरी एका बाजूला सरकली, तरी त्या बाजूला असे काही दिसते जे फिल्मवर येतच नाही, आणि वर म्हटल्याप्रमाणे हीच चूक सर्वात वाईट. ९३ टक्के दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात तेवढी सरक कडेच्या राखीव जागेत मुरून जाते. ऑलिंपस ओएम-१चा ९७ टक्के, पेंटॅक्स एमएक्सचा ९५ टक्के, निकॉनच्या एफएम-एफई घराण्याचा ९३ टक्के हे आकडे किंमत, वजन आणि कारखान्यातली शक्य तेवढी अचूकता यांच्यातल्या तडजोडीचे आहेत. सोव्हिएत झेनिट-ईमध्ये तर २४ × ३६ पैकी जेमतेम २० × २८ मिमीचा भाग दिसत असे, म्हणजे क्षेत्रफळाचा दोन तृतीयांशही नाही. त्या कॅमेऱ्यावर शिकलेल्या माणसाला आपल्या फोटोत नेहमी पसारा का येतो हे कळायला वेळ लागत असे, आणि दोष बिचारा स्वतःकडे घेत असे.

इथे दोन खुलासे आवश्यक आहेत. पहिला असा, की टक्केवारी लांबीची आहे की क्षेत्रफळाची, हे बघितल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. ९३ टक्के लांबी-रुंदीचे असतील, तर ३३.५ × २२.३ मिमी एवढे दिसते आणि क्षेत्रफळ ८६.५ टक्क्यांवर येते. ९३ टक्के क्षेत्रफळाचे असतील, तर सुमारे ३४.७ × २३.१ मिमी दिसते. पहिल्या अर्थाने आडव्या चौकटीत प्रत्येक बाजूला सव्वा मिलिमीटर लपतो, दुसऱ्या अर्थाने त्याच्या निम्माच. माहितीपत्रके हे नेहमी स्पष्ट करत नाहीत, म्हणून स्वतः मोजणे बरे. दुसरा खुलासा मोठेपणाचा. व्ह्यूफाइंडरमधली प्रतिमा मोठी दिसणे आणि पूर्ण दिसणे या वेगळ्या गोष्टी आहेत: पेंटॅक्स एमएक्समध्ये ५० मिमीच्या लेन्सने प्रतिमा ०.९७ पट, म्हणजे जवळजवळ नुसत्या डोळ्याला दिसते तेवढी मोठी असते, पण चौकट ९५ टक्केच. उलट निकॉन एफ३एचपीमध्ये चौकट पूर्ण, पण प्रतिमा ०.७५ पटच, कारण चष्मा लावणाऱ्याला डोळा लांब ठेवूनही चारही कोपरे दिसावेत म्हणून ती लहान केलेली आहे.

आता रेंजफाइंडर. यात आपण लेन्समधून पाहतच नाही; शेजारच्या एका खिडकीतून पाहतो आणि त्या खिडकीत तरंगणाऱ्या उजळ रेषा फिल्मवर काय येईल याचा अंदाज देतात. त्या अंदाजात दोन स्वतंत्र चुका असतात, आकाराची आणि जागेची, आणि त्यांची गल्लत केली की काहीच उलगडत नाही. रेंजफाइंडरचा पाया (फोकस मोजणाऱ्या दोन खिडक्यांमधले अंतर) लांब असला की चौकट अचूक असते, हा समजही सोडून द्यावा; पायाचा संबंध फोकसच्या अचूकतेशी आहे, चौकटीशी नाही.

आकाराची चूक समजण्यासाठी लेन्सचे साधे गणित पुरते. ५० मिमीची लेन्स अनंतावर, म्हणजे अगदी दूरच्या दृश्यावर, फोकस केली असता फिल्मपासून ५० मिमीवर असते. जवळ फोकस करताना ती पुढे सरकते आणि जितकी पुढे जाते तितका फिल्मवर येणारा दृश्यकोन अरुंद होतो. फिल्मपासून १ मीटरवर फोकस केल्यास हे अंतर सुमारे ५२.८ मिमी होते, ०.७ मीटरवर सुमारे ५४.२ मिमी. म्हणजे ०.७ मीटरवर लेन्स जेवढा कोन टिपते, त्यापेक्षा अनंतावर ती लांबी आणि रुंदी दोन्हींत आठ टक्क्यांहून थोडा अधिक कोन टिपते. लायकाच्या रेषा मात्र आकाराने बदलत नाहीत. एकच आकार निवडायचा असेल आणि काहीही कापले जाऊ नये हा नियम पाळायचा असेल, तर सर्वात अरुंद कोनाचा, म्हणजे सर्वात जवळच्या अंतराचा आकार निवडणे भाग आहे, आणि एम६च्या रेषा तशाच आखलेल्या आहेत: सर्वात जवळच्या अंतरावर २३ × ३५ मिमी.

कोनातला हा बदल आणि २३ × ३५चा हिशेब एकत्र केला की आपले कोडे सुटते. ०.७ मीटरवर रेषांच्या आत निगेटिव्हच्या रुंदीचा ९७ टक्के भाग असतो, म्हणजे चेहऱ्याच्या जवळच्या फोटोत एम६ जवळपास अचूक. २ मीटरवर तोच भाग ९२ टक्क्यांवर येतो, ३ मीटरवर ९१च्या आसपास आणि अनंतावर सुमारे ९०. उंचीत तो आणखी एखाद-दीड टक्क्याने कमी, आणि क्षेत्रफळाने पाहिले तर दूरच्या दृश्यात रेषांच्या आत चित्राचा सुमारे ७९ टक्के भागच असतो. वाड्याच्या दर्शनी भागाचा फोटो काढताना दरवाजा रेषांत नेमका बसवला, तर दोन्ही बाजूंना चौकटीच्या रुंदीच्या प्रत्येकी साडेपाच-सहा टक्के इतका जादा भाग येणारच, आणि वीजतारांचा खांब नेमका तिथेच असतो. आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे: बदलाचा मोठा हिस्सा पहिल्या २ मीटरांतच घडून जातो. त्यापुढे चूक जवळजवळ स्थिर आहे, म्हणून २ मीटरांपलीकडच्या प्रत्येक फोटोसाठी एकच अंदाज बांधला तरी चालतो.

लांब लेन्सेसना हे जास्त जाणवते. ९० मिमीची लेन्स १ मीटरवर फोकस केली की तिचे फिल्मपासूनचे अंतर बरोबर १०० मिमी भरते, १३५ मिमीची लेन्स दीड मीटरवर १५० मिमी. दोन्ही ठिकाणी फरक अकरा टक्क्यांचा. ९० मिमीच्या चौकटीत दूरचे देऊळ बसवले, तर क्षेत्रफळाचा जेमतेम तीन चतुर्थांश भाग रेषांच्या आत असतो. ३५ मिमीच्या लेन्सला ०.७ मीटर आणि अनंत यांत साडेपाच टक्क्यांचाच फरक पडतो, म्हणून रस्त्यावर ३५ वापरणारे याविषयी फारसे कुरकुरत नाहीत. (हे सगळे आकडे लेन्स पातळ आणि फोकल लेंथ (लेन्सच्या नावातले मिमी) बरोबर ५० वगैरे धरून काढले आहेत, लायकाच्या ५० मिमी म्हणवणाऱ्या बऱ्याच लेन्सेस प्रत्यक्षात ५१.६ मिमीच्या आसपास असतात, त्यामुळे आपल्या लेन्सवर थोडा फरक पडेल.)

यात लायकाचा जुना एम३ उजवा ठरतो, असे त्याचे चाहते म्हणतात, आणि ते नुसते भक्तीचे बोलणे नाही. १९५४मध्ये तो आला तेव्हा ५० मिमीच्या बहुतेक लेन्सेस १ मीटरपर्यंतच जवळ जात, म्हणून त्याची ५०ची चौकट त्या मानाने मोठी आखलेली आहे, शिवाय ०.९१ पट मोठेपणामुळे ती जवळजवळ पूर्ण खिडकी व्यापते. पुढे लेन्सेस ०.७ मीटरपर्यंत जाऊ लागल्या आणि रेषा आकसल्या. कंपनीलाही ही तडजोड टोकाची वाटली असावी, कारण नंतरच्या काही डिजिटल एम कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ २००८च्या एम८.२मध्ये, रेषा २ मीटर अंतरासाठी आखल्या गेल्या. माझ्या मते सामान्य वापरासाठी तेच अंतर योग्य आहे, कारण हातभर अंतरावरून फोटो काढणारे लोक थोडे आणि दोन-चार मीटरवरून काढणारे बहुसंख्य. रेषांचा आकारही फोकसबरोबर बदलणारे रेंजफाइंडर झाले नाहीत असे नाही. १९५८च्या कोनिका ३एमध्ये चौकट सरकतेही आणि लहानमोठीही होते. पण तिची लेन्स बदलता येत नाही. अनेक फोकल लेंथच्या चौकटी दाखवायच्या आणि प्रत्येकीचा आकारही बदलायचा, ही यंत्रणा नाजूक आणि महाग होते.

दुसरी चूक जागेची, म्हणजे पॅरॅलॅक्सची. खिडकी लेन्सच्या वर आणि एका बाजूला काही सेंटिमीटर असते, त्यामुळे ती जे पाहते ते लेन्सच्या दृश्यापासून तेवढेच सेंटिमीटर सरकलेले असते. दूरच्या दृश्यात याने काहीच बिघडत नाही: खिडकी लेन्सपासून ४ सेंटिमीटर बाजूला आहे असे धरले, तर ५ मीटरवर ५० मिमीची चौकट साडेतीन मीटर रुंद असते आणि ४ सेंटिमीटर म्हणजे तिचा एक टक्का. १ मीटरवर मात्र चौकट ६५ सेंटिमीटरच रुंद असते आणि तेच ४ सेंटिमीटर सहा टक्के होतात. झोर्की-४सारख्या कॅमेऱ्यांत खिडकीत रेषाच नसतात आणि पॅरॅलॅक्सची दुरुस्तीही नसते. जवळचा फोटो काढताना कॅमेरा अंदाजाने थोडा सरकवावा लागतो. लायका एम, निकॉन एसपी, यशिका इलेक्ट्रो ३५ यांच्यात फोकस जवळ आणत जावे तशा रेषा तिरप्या सरकत जातात. आपल्या एम६मध्ये मागून पाहताना लेन्स खिडकीच्या उजवीकडे आणि खाली असते, म्हणून रेषा जवळ फोकस करताना खाली-उजवीकडे सरकायला हव्यात. फोकस फिरवत पाहा, डोळ्याला सहज दिसते.

ही दुरुस्ती नेमके काय सुधारते हे नीट समजून घ्यावे, कारण अनुभवी लोकही इथे फसतात. सरकत्या रेषा फोकस केलेल्या पातळीवर चौकट योग्य जागी आणतात. पण त्या आपली नजर लेन्सच्या जागी नेऊन ठेवू शकत नाहीत. जवळची वस्तू आणि दूरची वस्तू यांची एकमेकांशी असलेली जुळणी खिडकीतून वेगळी दिसते आणि लेन्समधून वेगळी. वाड्याच्या खिडकीच्या गजांतून पलीकडचा चेहरा टिपायचा असेल, गज पाऊण मीटरवर आणि चेहरा ३ मीटरवर असेल, तर व्ह्यूफाइंडरमध्ये दोन गजांच्या मधोमध दिसणारा डोळा फिल्मवर गजामागे गेलेला सापडतो. रेषा बरोबर, फोकस बरोबर, तरी फोटो वाया. यावर रेंजफाइंडरमध्ये एकच उपाय आहे: फ्रेम ठरवल्यावर कॅमेरा न वळवता सरळ वर-डावीकडे उचलून लेन्स तिथे आणायची जिथे आधी आपला डोळा होता. तिपाईवर हे नीट जमते, हातात जेमतेम. अशा रचना ज्यांना वारंवार करायच्या असतात, त्यांनी त्या एसएलआरनेच कराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँने १९३२मध्ये पॅरिसच्या साँ-लाझार स्टेशनमागे डबक्यावरून उडी मारणारा माणूस टिपला, तेव्हा कुंपणाच्या फटीत फक्त लेन्स मावत होती आणि त्याला खिडकीतून काही दिसत नव्हते. निगेटिव्हच्या डाव्या कडेला कुंपण आले आणि न कापता छापण्याचा आग्रह धरणाऱ्या या माणसालाही तो फोटो कापावा लागला. लेन्स आणि खिडकी यांच्यातले ते काही सेंटिमीटर कधी निर्णायक ठरतात, याचे याहून प्रसिद्ध उदाहरण मला माहीत नाही.

डोळ्याच्या जागेचाही थोडा वाटा असतो. लायकासारख्या प्रक्षेपित रेषा दूरवर असल्यासारख्या दिसतात, म्हणून डोळा हलला तरी त्या दृश्यावर घसरत नाहीत. ज्या खिडकीत रेषा नाहीत, तिच्यात खिडकीची धूसर कडच चौकट मानावी लागते आणि डोळा इकडेतिकडे झाला की कडही सरकते. चष्मा असेल, तर ०.७२ पटीच्या एम६मध्ये २८ मिमीच्या रेषा एका नजरेत दिसत नाहीत, डोळा फिरवावा लागतो; ५०ला ही अडचण नाही.

आता प्रिंटवर कमी का येते. मिनिलॅबच्या, म्हणजे लॅबमधल्या स्वयंचलित छपाईच्या यंत्रात निगेटिव्ह ज्या खाचेत बसते, तिची खिडकी मुद्दाम थोडी लहान ठेवलेली असते, म्हणजे कडेची काळी पट्टी कागदावर येत नाही. चारही बाजूंनी थोडा भाग तिथेच जातो. त्यानंतर कागदाचे प्रमाण आडवे येते. ४ × ६ आणि ८ × १२ इंचाचे कागद निगेटिव्हच्याच २:३ प्रमाणात आहेत. ५ × ७ इंचाच्या कागदावर मात्र ३६ मिमीपैकी ३३.६ मिमीच बसतात, आणि ८ × १० इंचावर फक्त ३० मिमी, म्हणजे लांबीचा सहावा हिस्सा सरळ कापला जातो. लॅबचे स्कॅनही बहुधा चौकटीच्या आतूनच घेतलेले असतात. त्यामुळे प्रिंट किंवा स्कॅन पाहून व्ह्यूफाइंडरची परीक्षा करू नये. निगेटिव्ह लाइटबॉक्सवर भिंगाखाली पाहावी. स्वतः छपाई करणारे काहीजण एन्लार्जरच्या (निगेटिव्हची प्रतिमा कागदावर मोठी टाकणाऱ्या यंत्राच्या) निगेटिव्ह कॅरियरची खिडकी कानशीने थोडी रुंद करून घेतात, म्हणजे निगेटिव्हभोवतीची मोकळी कड काळ्या रेषेच्या रूपाने कागदावर येते आणि काहीही कापलेले नाही याचा पुरावा राहतो. फिल्मवरची चौकट कॅमेऱ्याच्या गेटच्या (फिल्मसमोरच्या धातूच्या चौकटीच्या) खिडकीपेक्षा किंचित मोठी असते, हेही तिथे दिसेल, कारण गेट फिल्मच्या थोडे पुढे असते आणि तिरपा प्रकाश त्या फटीतून बाहेर पसरतो. मागचे भिंग फिल्मच्या अगदी जवळ येणाऱ्या वाइड अँगल लेन्सेसमध्ये हा फरक अधिक.

आपल्या कॅमेऱ्याची तपासणी अशी करावी. विटांची किंवा टाइल्सची सपाट भिंत निवडा, नाहीतर भिंतीवर आडव्या आणि उभ्या मोजपट्ट्या चिकटवा. कॅमेरा तिपाईवर, भिंतीला समांतर, चौकट आडवी. एम६मध्ये रेषेची आतली कड कोणत्या आकड्यावर आहे आणि बाहेरची कोणत्या, हे चारही बाजूंचे लिहून घ्या. एफएम२मध्ये दिसणाऱ्या क्षेत्राच्या कडांचे आकडे लिहा. मग फोटो काढा. एम६साठी हे ०.७ मीटर, २ मीटर आणि दूरच्या इमारतीवर असे तीन अंतरांवर करा. एफएम२साठी एकच अंतर पुरे. रोल धुतल्यावर न कापलेल्या पट्टीवर निगेटिव्हच्या कडांशी कोणते आकडे येतात ते पाहून दोन्ही नोंदी शेजारी मांडा. रोल खर्च करायचा नसेल, तर मागचे दार उघडून फिल्मच्या आतल्या दोन रुळांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा, शटर बी-वर (बटण दाबून ठेवेपर्यंत शटर उघडे राहते त्या खुणेवर) उघडे ठेवा आणि कागदावर उमटलेली उलटी प्रतिमा खिडकीतल्या दृश्याशी ताडून पाहा. एम६ची मागची झडप वर उचलता येते, त्यामुळे तिथेही हे जमते. जुन्या स्क्रू-माउंट लायकांना मागे दारच नसल्यामुळे त्यांना फिल्मशिवाय गत्यंतर नाही. शटरच्या पडद्याला बोट लागणार नाही, एवढी काळजी घ्यावी.

या नोंदींत एकूण टक्केवारीपेक्षा डावी-उजवी आणि वर-खालचा समतोल पाहावा. एफएम२मध्ये चारही बाजूंना सारखी राखीव जागा असणे अपेक्षित आहे. खाली खूप आणि वर काहीच नाही असे आढळले, तर आरसा योग्य कोनात विसावत नाही किंवा स्क्रीन नीट बसलेली नाही, अशी शंका घ्यावी. आरशाच्या चुकीने बहुधा फोकसही बिघडतो, कारण स्क्रीनपर्यंतचे अंतर बदललेले असते. म्हणून स्क्रीनवर तीक्ष्ण दिसलेले निगेटिव्हवर मऊ येते का, हेही सोबत तपासावे. लांब टेलीफोटो लेन्स लावल्यावर चौकटीचा वरचा भाग काळसर दिसणे हा मात्र दोष नव्हे. आरसा लहान पडतो म्हणून तसे दिसते, फिल्मवर काही येत नाही.

रोजच्या वापरात एफएम२ने फ्रेम लावताना विषय कडेला घट्ट टेकवला तरी चालेल, कारण फिल्मवर थोडी मोकळी जागा आपोआप मिळते. प्रिंट ५ × ७ किंवा ८ × १०ची करायची असेल, तर ती सूट पुरत नाही आणि दोन्ही टोकांना जागा सोडावी लागते. एम६ने चेहऱ्याच्या जवळचा फोटो काढताना रेषांची आतली कड प्रमाण मानावी. साधारण २ मीटरपासून पुढे रेषेच्या बाहेरच्या कडेवर फ्रेम लावावी, आणि दूरच्या दृश्यात तर रेषेच्या बाहेरही थोडा भाग येणार हे धरून एखादे पाऊल पुढे जावे. ५०च्या चौकटीत जे कोपरे दिसतात ते ७५ मिमीचे असतात, त्यांना ५०चे समजू नये. चित्र किंवा जुनी कागदपत्रे कडेपासून कडेपर्यंत टिपायची असतील, तर एम६ बाजूला ठेवून एफएम२ घ्यावा. कडेची न दिसणारी जागा तिथे मोजून ठरवता येते.

एम६ दुरुस्तीला पाठवण्याचे कारण अंतरागणिक बदलणारा आकार हे नव्हे. फोकस फिरवूनही रेषा सरकत नसतील, सरकताना अडखळत असतील, अनंतावरच्या फोटोत एका बाजूचा जादा भाग समोरच्या बाजूच्या दुप्पट असेल, किंवा रेषा क्षितिजाला तिरप्या दिसत असतील आणि निगेटिव्हवर क्षितिज सरळ येत असेल, तर पाठवावा. त्याआधी एकदा रेंजफाइंडरचा उजळ चौकोन दूरच्या मनोऱ्यावर किंवा चंद्रावर धरून लेन्स अनंतावर आणावी आणि दोन्ही प्रतिमा आडव्या तसेच उभ्या नेमक्या एकमेकींवर बसतात का ते पाहावे. बसत नसतील, तर दुरुस्ती करणाऱ्याला आपली मोजणीची नोंद सोबत द्यावी, म्हणजे तो फोकसबरोबर चौकटीच्या रेषांची जागाही तपासून देईल.